पाचवं शून्य

"या रेघा कुणी मारल्या?" डॉ. दाभाडेंनी वही उंच धरून विचारलं.

"मीच की," पलंगावर मांडी घालून बसलेल्या शालनताई म्हणाल्या. "पट्टी न्हवती. थर्मामीटरच्या खोक्याची कड धरली न् मारल्या."

पान खरंच बघण्यासारखं होतं. तारीख, वेळ, ताप, जेवण, लघवी आणि तक्रार असे सहा रकाने. अक्षर टपोरं, खाडाखोड कुठे नाही. तक्रारीच्या रकान्यात प्रत्येक ओळीत 'नाही' लिहिलेलं, आणि एकही 'नाही' घाईने उरकलेलं नव्हतं.

"मोकाशी, हे आपल्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवा," सर माझ्याकडे वळून म्हणाले. दाभाडे सर कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. बारा वर्षं रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण बघणाऱ्या या माणसाच्या तोंडून मी कुणाच्याही वहीबद्दल चांगला शब्द ऐकला नव्हता.

"एकवीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं लिवलीत, साहेब," शालनताई म्हणाल्या. "त्यातलं तेवढं येतंय आम्हास्नी."

"मग यांना समोरच्या रुग्णनिवासात हलवायला माझी हरकत नाही," सर म्हणाले. "ताप चार वेळा बघायचा, वहीत लिहायचा. शंभर पॉइंट चारच्या वर गेला की लगेच फोन. आणि मला विचारल्याशिवाय तापाची गोळी घ्यायची नाही. कळलं?"

"व्हय."

मी त्यांच्यामागे उभी राहून हसत होते. रुग्णाला तिसऱ्याच दिवशी वॉर्डातून निवासात हलवावं हा आग्रह माझा होता, आणि सर महिनाभर त्याला नकार देत होते.

मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नव्हे. नावामागचं 'डॉक्टर' प्रयोगशाळेतून मिळालेलं. आमचं काम असं की, रुग्णाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढून घ्यायच्या, कॅन्सरची पेशी ओळखून धरणारी एक पकड त्यांच्यावर बसवायची, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या परत त्याच माणसाच्या शिरेत सोडायच्या. हे उपचार जगात आधीपासून होते आणि गुण देत होते. पण त्या पेशी एकदा पिसाळल्या की माणूस तापाने फणफणतो, रक्तदाब कोसळतो, कुणाकुणाला आपलं नाव आठवत नाही. मी ती पकड सैल केली होती. माझ्या पेशी कॅन्सरला धरायच्या, मारायच्या आणि चटकन सोडून पुढे जायच्या. उंदरांत ते चाललं, आणि मग चार माणसांतही चाललं. चौघांपैकी कुणालाही अतिदक्षता विभागात न्यावं लागलं नाही. माझ्या तक्त्यात 'तीव्र त्रास' या शब्दांसमोर एकाखाली एक चार शून्यं होती, आणि खरं सांगते, त्या शून्यांनी माझं डोकं फिरवलं होतं. झोपेतून उठल्यावर लोक देवाला हात जोडतात, मी मोबाइलवर तो तक्ता बघायचे.

पाचव्या शालनताई. शालन बापू सरगर, वय बावन्न, जत तालुक्यातल्या एका वाडीच्या अंगणवाडी सेविका. दोनदा केमोथेरपी होऊन कॅन्सर दोन्ही वेळा परतलेला. नवरा नव्हता. सोबत मुलगी सुवर्णा, चोविशीची, बी.एस्सी. होऊन शिक्षकभरतीची वाट बघणारी.

ज्या दिवशी पेशी सोडल्या त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसले होते. तिथे माझं काहीच काम नव्हतं. पण बारशाला आत्याने मिरवावं तशी मी प्रत्येक वेळी पांढरा कोट घालून हजर असायचे. पिशवी एवढीशी असते. वीस मिनिटांत रिकामी होते.

"एवढंच?" शालनताई म्हणाल्या. "ह्याच्यासाठी जतवरनं पुण्याला आणलासा?"

मला त्या तिथेच आवडल्या. मी मोबाइल काढला आणि त्यांना तक्ता दाखवला.

"ताई, ही तुमच्या आधीची चार माणसं. हे बघा, त्रास शून्य, शून्य, शून्य, शून्य. आता हा पाचवा चौकोन रिकामा आहे ना, तो तुमचा. तिथे शून्य बसवायचंय आपल्याला. पुढच्या मंगळवारी मोठी मीटिंग आहे, बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत. आमचं नाव तुमच्या हातात."

त्यांनी फोन जवळ घेऊन तक्ता बराच वेळ वाचला. शासनाचा कागद वाचायची सवय असलेलं माणूस वाचतं तसा, वरपासून खालपर्यंत.

"बसवू की," त्या म्हणाल्या. "त्यात काय अवघड हाय?"

मी जे सांगितलं नाही ते असं. ती शून्यं तीव्र त्रासाची होती. चौघांपैकी दोघांना दोन-दोन दिवस ताप येऊन गेला होता. ताप हा तर पेशी कामाला लागल्याची खूण. सर तो आला की उलट खूश व्हायचे. संमतीपत्रात हे लिहिलेलं होतं, सरांनी त्यांना वाचूनही दाखवलं होतं. पण ते पत्र बावीस पानांचं, आणि माझा तक्ता बोटभर. माणूस काय लक्षात ठेवणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मंगळवारच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी निवासात गेले. मीटिंगमध्ये दाखवायला मला त्या सुबक वहीचा फोटो हवा होता. रुग्ण घरच्या घरी स्वतःची नोंद ठेवू शकतो, खाट अडवायची गरज नाही, उपचार स्वस्त होतील, असं सगळं मला त्या एका फोटोतून सांगायचं होतं.

सुवर्णा खाली मेसमध्ये डबा आणायला गेली होती. शालनताई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. वैशाखातली दुपार, पंखाही गरम वारा टाकत होता, आणि त्यांनी अंगाभोवती शाल गुंडाळली होती.

"थंडी वाजते का, ताई?"

"न्हाई वो. सवय हाय. वही टेबलावर हाय बघा, घ्या."

मी वही उघडली. सकाळी सहा, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दहा, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. दोन, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही. मी फोटो काढले. मग म्हटलं, वही हातात धरलेल्या ताईंचाही एक घेऊ. वही त्यांच्या हातात देताना माझी बोटं त्यांच्या तळहाताला लागली.

हात भाजत होता.

असा हात ओळखायला वैद्यकीची पदवी लागत नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नजर काढून घेतली आणि ती नकळत उशीकडे गेली. उशीखालून तापाच्या गोळ्यांची पट्टी अर्धी बाहेर आली होती. दहातल्या आठ जागा फुटलेल्या.

"डोकं दुखत हुतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वहीत एकबी आकडा खोटा न्हाई, म्याडम. माझ्या पोरीची शप्पत. टायमाच्या आधी तासभर गोळी घेत्ये, मग नळी लावत्ये. जे दिसतंय त्येच लिवत्ये."

खाली कुणीतरी पाण्याचा टँकर मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती.

"उद्या हाय न्हवं तुमची मीटिंग?" त्यांनी विचारलं.

"अकरा वाजता."

"मग झालं की. तुमची मीटिंग हुंद्या. म्या दुपारच्याला सांगत्ये डॉक्टरास्नी, अंग गरम लागतंय म्हणून."

सरांचा नंबर माझ्या फोनवर होता. फोन हातातच होता. रस्त्यापलीकडे हॉस्पिटल होतं, चालत गेलं तर चार मिनिटं. मी या चार मिनिटांचा हिशेब नंतर इतक्या वेळा केला आहे की विचारू नका. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते असं होतं: अंग थोडं गरम आहे, उन्हाळा आहे, मी कुठे रुग्णांची डॉक्टर, मी कशाला निदान करू, उद्या दुपारी सांगणारच आहेत त्या. सोयीचं असलं की माणसाला आपल्या अडाणीपणाचा केवढा आधार वाटतो!

"पाणी भरपूर प्या," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. आणि फोटोत पट्टी येऊ नये म्हणून ती उशीखाली नीट सरकवली. हो, माझ्या हाताने. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी मी छान बोलले. वहीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा बंगळुरूहून आलेले एक वयस्कर तज्ज्ञ पुढे वाकून बघायला लागले. "पाचव्या रुग्णाला साधा तापही नाही," मी म्हणाले. ते वाक्य माझ्या कागदावर नव्हतं, तोंडातून आपसूक आलं. पाचवं शून्य झळकलं. दाभाडे सर माझ्या शेजारी बसले होते, आणि त्यांच्या खिशातला फोन थरथरत होता. त्यांनी तो दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा उचलला आणि बोलता बोलता उठून उभे राहिले.

"सरगरबाई बाथरूममध्ये पडल्यात," ते मला म्हणाले. "मुलीला ओळखत नाहीत."

रक्तदाब सत्तरवर होता. पेशींनी पेटवलेली आग आवरायचं इंजेक्शन लगेच दिलं, पण ते आदल्या दिवशी द्यायला हवं होतं. त्या अकरा दिवस अतिदक्षता विभागात होत्या. मूत्रपिंडं बंद पडली, दोन आठवडे डायलिसिस करावं लागलं. रक्तदाब टिकवायला दिलेल्या औषधांनी डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आणि ती कापावी लागली. सुवर्णा काचेबाहेर बाकावर बसून असायची. मला बघितलं की उठून उभी राहायची आणि विचारायची, "म्याडम, आई रोज वही लिहीत होती की हो. मग असं कसं झालं?"

"बघतोय आम्ही," मी म्हणायचे.

कॅन्सर मात्र गेला. महिन्याने तपासणी झाली तेव्हा शोधूनही सापडला नाही. माझी सैल पकड खरी ठरली होती.

शालनताईंना वॉर्डात आणल्यावर चौथ्या दिवशी दाभाडे सर चौकशीचा अर्ज घेऊन आले. अशी घटना घडली की तो भरावाच लागतो. त्यांनी मलाही बोलावलं. शालनताई निम्म्या झाल्या होत्या. आवाज मात्र पूर्वीसारखाच होता. आणि गोळ्या घेतल्याचं त्यांनी शुद्धीवर येताच आपणहून सांगून टाकलं होतं.

"ताई, रागावत नाही मी," सर म्हणाले. "पण का घेतल्या? ताप आला असता तर मला आनंदच झाला असता. औषध लागू पडल्याची खूण आहे ती. दोन दिवस वॉर्डात ठेवून इंजेक्शन दिलं असतं, तुम्ही चालत घरी गेला असता."

शालनताईंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. आपल्याला काहीतरी उशिरा कळलं, एवढंच तिच्यात होतं.

"चुकलं माझं," त्या सरांना म्हणाल्या.

"आणखी एक विचारायचंय. गोळ्यांचं कुणाला बोलला होतात?"

"कुणाला न्हाई."

"मुलीला?"

"तिला कळलं असतं तर तिनं गप बसू दिलं असतं व्हय?"

"डॉ. मोकाशी आदल्या दुपारी आल्या होत्या, त्यांना?"

मी भिंतीशी उभी होते. आता बोलायचं, मी मनात म्हटलं. तोंडही उघडलं असेल.

"त्या फोटू काढून गेल्या," शालनताई म्हणाल्या. "दारातनंच. त्यास्नी काय म्हाईत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. धड होकार नाही, धड नकार नाही. त्यांनी अर्जात ओळ लिहिली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. "ताई, असं का सांगितलंत?"

त्या छताकडे बघत बोलायला लागल्या. "आमच्यात महिन्याला वजनाचा दिस असतोय. पोरगं काट्यात बसवायचं, किलो लिवायचं, तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका लालात गेला, म्हंजी पोरगं कुपोषित, की वरनं इचारणा. आमच्या सुपरवायझर बाई लई चांगल्या हुत्या. त्या म्हणायच्या, शालन, आपल्या बीटात, आपल्या हद्दीतल्या गावात, लाल नको बाई. मग आम्ही काय करायचो, पोरास्नी आधी पोटभर खिचडी घालायची, पाणी पाजायचं, स्वेटर न काढता काट्यात बसवायचं. आकडा खराच. म्या खोटा आकडा कवाच लिवला न्हाई."

"हं."

"एक पोरगी हुती. दोन वरसांची. तीन महिने तिचा ठिपका लालाच्या वर ठेवला म्या. मग पावसाळ्यात जुलाब लागलं, न् गेली." त्यांनी ओठ ओले केले. "चौकशीला साहेब आला. म्या सगळं सांगणार हुते. पर बाईंनी आधीच सांगून टाकलं, काटाच बिघडला हुता म्हणून. माझी नोकरी ऱ्हायली. सुवर्णा शिकली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुमचं औषध चांगलं हाय, म्याडम. माझ्यामागं कितीजणांला लागंल. तुमचं नाव गेलं तर त्येंचं काय? माझ्या नावावर लिवा. मला कोण काढतंय आता नोकरीवरनं!" आणि त्या चक्क हसल्या.

मला त्यांचे पाय धरायला हवे होते, किंवा धावत जाऊन सरांना गाठायला हवं होतं. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मग मी लिहिलं. सहा महिन्यांनी आमचा निबंध एका मोठ्या नियतकालिकात छापून आला, आणि त्यातला पाचव्या रुग्णाचा परिच्छेद माझा होता. सरांनी मसुदा वाचून विचारलंही, "हे असंच लिहायला हवं का?" मी म्हटलं, बाहेरच्या वाचकाला कारण द्यावं लागतं, सर. परिच्छेदात असं होतं की, या रुग्णाला झालेला त्रास उपचाराच्या रचनेमुळे नव्हे, तर तापाच्या नोंदीविषयीच्या सूचना न पाळल्यामुळे वाढला. आणि रुग्णाचं अल्प शिक्षण हे त्यामागचं संभाव्य कारण होय. म्हणून मुख्य तक्त्यातून ही नोंद वगळली आहे. चार शून्यं राहिली. त्यांच्या जोरावर पुढची चाचणी मंजूर झाली, मला दोन पुरस्कार मिळाले, आज ते उपचार सात शहरांत दिले जातात आणि लोक खरोखर चालत घरी जातात. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. सांगावंसं वाटतं खरं, पण बचाव होत नाही.

गेल्या वर्षी सुवर्णाचा फोन आला. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना आईच्या उपचारांबद्दल सांगावं म्हणून तिने इंटरनेटवर शोधाशोध केली आणि तो निबंध तिला मिळाला.

"म्याडम, शब्दकोश घेऊन वाचला मी," ती म्हणाली. "ह्यात पाचवा रुग्ण म्हणजे आईच ना? बावन्न वर्षं, स्त्री?"

"हो."

"आणि अल्प शिक्षण?"

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"माझी आई बारावी आहे, म्याडम. एकवीस वर्षांत तिच्या रजिस्टरात एक चूक निघाली नाही. सूचना तिला कळल्या नाहीत? मला तेवढंच सांगा, हे वाक्य कुणी लिहिलं?"

"आमच्या टीमनं," मी म्हणाले.

"टीममधल्या कुणी?"

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग ओळखीचा आवाज आला, "कुणाशी भांडतीस गं? आण हिकडं." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"म्याडम, म्या शालन. बऱ्या हायसा न्हवं?"

"बरी आहे, ताई. तुम्ही?"

"झकास हाय. पोरगं झालंय सुवर्णाला, त्येच्या मागं पळत्ये. बोटं न्हाईत म्हणून काय अडत न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीचं मनावर घेऊ नगा. तिला म्या समजावलंय. म्हटलं, त्येंच्या विंग्रजीत सगळ्या पेशंटांबद्दल तसंच लिवायची पद्धत असती. कुणाला कमी दाखवायचं म्हणून न्हवं."

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. ते मी लिहिलं, ताई, मी. एवढंच. मागे सुवर्णा विचारत होती, "खरंच तशी पद्धत असते का, विचार त्यांना."

"असती न्हवं, म्याडम?" शालनताई म्हणाल्या. "सांगा तिला."

"हो," मी म्हणाले. "तशी पद्धत असते."